पेला किती भरायचा

तियानजिन
१८ नोव्हेंबर १९८६

युनशियाताईंना नमस्कार.

तुम्ही मला ओळखत नाही. मी तोंग शुवेन, गेल्या महिन्यात देझोंगशी कचेरीत जाऊन लग्न केलेली. तुमच्या बहिणीच्या जागी मी आले असं तुम्हाला वाटत असेल तर त्यात तुमची चूक नाही. पण तिची जागा मी मागितलेली नाही, एवढं आधीच सांगून टाकते म्हणजे पुढचं लिहायला हात धजेल.

मी इथल्या सूतगिरणीच्या दवाखान्यात परिचारिका आहे. पहिल्या नवऱ्याशी माझा काडीमोड झाला. मला सात वर्षांचा मुलगा आहे, हाइबो. त्याच्या बापाने दुसरा संसार थाटला आणि कळवलं की पोरगं तुझं तूच बघ. तेव्हापासून हाइबो झोपताना बूट उशाशी घेऊन झोपतो. का, ते विचारायची मला हिंमत नाही.

जानेवारीच्या शेवटी, नव्या वर्षाच्या सणाला आम्ही छाओझोउला सासूबाईंकडे येणार आहोत. त्यांनी थोरल्या दिरांकडून पत्र लिहवून घेतलंय. त्यातलं वाक्य तसंच्या तसं लिहिते: "पोराने पहिल्या सकाळी मला चहा द्यावा. मी पेला घेतला तर तो माझा नातू. नाही घेतला तर पाहुणा. पाहुण्यालाही आम्ही उपाशी ठेवत नाही." देझोंगला विचारलं तर म्हणतो, "अगं त्यात काय एवढं, ओतायचा आणि द्यायचा!" अठराव्या वर्षी घर सोडलेल्या माणसाला काय आठवणार? आमच्याकडे मोठ्या मगात मोगऱ्याची पत्ती टाकतात, वर गरम पाणी ओततात आणि दिवसभर पीत बसतात. त्यात कसली आली रीत?

तुम्ही दर रविवारी गल्लीतल्या मुलांना चहाची रीत शिकवता असं देझोंग म्हणाला. हाइबोला पत्रातून शिकवाल का? चार ओळी लिहिल्यात तरी चालेल. नाही म्हणालात तरी मी मनात काही ठेवणार नाही.

देझोंगच्या लेकीला, आ-निंगला, माझा नमस्कार सांगू की नको, हेही कळत नाही. तुम्हाला योग्य वाटेल तसं करा.

शुवेन


शीकेंग, छाओझोउ
२ डिसेंबर १९८६

शुवेनबाई,

पत्र पोचलं. कानामागून आली आणि तिखट झाली, असं म्हणायला मी तयारच बसले होते. तुमचं पत्र काही तिखट निघालं नाही. त्यामुळे माझी पंचाईत झाली.

तुम्ही सरळ लिहिलंत, तर मीही सरळच विचारते. माझी बहीण गेली तेव्हा आ-निंग पाच वर्षांची होती. आता नऊची आहे. चार वर्षं ती माझ्या पांघरुणात झोपतेय. नव्या वर्षानंतर तुम्ही तिला नेणार का? देझोंगला मी तीनदा पत्र टाकून विचारलं. तिन्ही वेळा त्याने तियानजिनला थंडी किती पडलीय ते कळवलं. मला थंडीशी काय करायचंय?

आता शिकवण्याचं. मी काही पंडित नाही. चहाच्या कारखान्यात पत्तीतल्या काड्या वेचते, तीस वर्षं तेच करतेय. रविवारी आठ-दहा पोरं अंगणात येतात ती आयांना घटकाभर उसंत हवी म्हणून. पहिल्या दिवशी सगळ्यांना वाटतं चहा म्हणजे भातुकली. एकाने किटलीत मासा सोडला होता.

हाइबोला आधी एवढंच शिकवा. पेले तीन, अक्रोडाच्या टरफलाएवढे. माणसं दहा असली तरी पेले तीनच. म्हणून आधी कुणी घ्यायचा आणि कुणी थांबायचं हे ज्याला कळलं त्याला निम्मी रीत कळली. सगळ्यात मोठ्या माणसाला पहिला. ओतणाऱ्याने शेवटी प्यायचा, उरला तर. पत्तीवरचं पहिलं पाणी फेकून द्यायचं, त्याच पाण्याने पेले धुवायचे. किटलीची चोच कुणाच्याही तोंडासमोर येऊ द्यायची नाही, म्हातारीच्या तर नाहीच. बंदूक रोखल्यासारखं दिसतं ते. तीन पेल्यांत ओतताना एक भरून मग दुसरा असं नाही. किटली गोल गोल फिरवत तिन्हींत थोडा थोडा ओतायचा, म्हणजे कुणाच्या वाट्याला कडक आणि कुणाच्या वाट्याला फिका येत नाही.

एवढं जमलं की लिहा. आणि मी विचारलेल्याचं उत्तरही लिहा.

युनशिया


तियानजिन
१३ डिसेंबर १९८६

युनशियाताई,

तुमचे उपकार कसे मानू! तुमचं पत्र आम्ही भिंतीवर चिकटवलंय. इथे एवढाले पेले कुठून मिळणार? दवाखान्यातले औषध मोजायचे तीन छोटे पेले घरी आणलेत. हाइबो रोज संध्याकाळी शेजारच्या वांगकाकांना "म्हातारी" करतो आणि त्यांच्यासमोर गुडघे टेकून बसतो. वांगकाका सत्तरीचे, दाढीवाले. म्हणतात, "या वयात आजी व्हायचं नशिबी होतं म्हणायचं!" काल किटलीची चोच चुकून त्यांच्याकडे झाली तर हात वर करून "नको रे बाबा, गोळी घालू नकोस!" असं ओरडले. हाइबो हसला. किती दिवसांनी हसला तो.

एक अडचण आहे. तो डावखुरा आहे. शाळेत उजव्या हाताने लिहायला लावतात, पण गडबडला की डावा हात पुढे येतो. म्हातारी माणसं याला अपशकुन मानतात का? आणि पेला धरायचा कसा? फार चटका बसतो. सासूबाई टेबलावर बोटं वाजवतील तेव्हा काय समजायचं? आणि पेला किती भरायचा? आमच्याकडे काठोकाठ भरून दिला की देणाऱ्याचं मन मोठं म्हणतात. अर्धामुर्धा दिला तर माणूस कंजूष. तुमच्याकडेही तसंच ना? सगळं विचारून घेते, तुम्हाला वैताग आला तरी.

आता तुम्ही विचारलंत त्याचं. लपवण्यात अर्थ नाही. फेब्रुवारीपासून आ-निंगला इथल्या शाळेत घालायचं असं देझोंगने ठरवलंय. त्याने ते तुम्हाला आधीच कळवायला हवं होतं. तुम्हाला तोंड द्यायची त्याच्यात हिंमत नाही. इथली शाळा चांगली आहे हे खरं, आणि बापाला लेक जवळ हवी हेही खरं. मी तिच्यासाठी खिडकीजवळ पलंग लावलाय. तिच्या मापाचा लाल कोट शिवायला टाकलाय, माप मात्र अंदाजाने दिलंय. आई होण्याचा माझा आग्रह नाही. ती मला नुसतं शुवेन म्हणाली तरी चालेल.

हे वाचून तुम्हाला काय वाटेल, या विचाराने दोन दिवस पत्र पाकिटातच ठेवलं होतं. आज टाकते.

शुवेन


शीकेंग
२८ डिसेंबर १९८६

शुवेन,

उशीर झाला. कारखान्यात काम फार होतं.

सगळं नीट लिहून देते, म्हणजे पुन्हा विचारायला नको.

डाव्या हाताची काळजी सोड. पेला दोन्ही हातांनीच द्यायचा असतो. दोन्ही हात पुढे आले की डावा कुठला आणि उजवा कुठला हे कोण बघतं? ओतताना तेवढं उजव्या हाताने ओतायला लाव. पेला धरताना अंगठा आणि पहिलं बोट दोन बाजूंना, कडेच्या खाली, मधलं बोट बुडाखाली. कडेवर, म्हणजे जिथे ओठ लागतात तिथे, बोट लावायचं नाही. ज्याचं बोट कडेला लागलं त्याचा चहा माझ्या अंगणात कुंडीत जातो.

पेला टेबलावरून सरकवायचा नाही, उचलून ठेवायचा. पेल्याला पेला लागून आवाज होता कामा नये. गुडघ्यावर बसून, मान खाली घालून द्यायचा आणि देताना मोठ्याने "आजी, चहा घ्या" म्हणायचं. तोंडातल्या तोंडात पुटपुटलेलं चालत नाही, तिला एका कानाने कमी ऐकू येतं. तिने एका बोटाने टेबलावर टकटक केलं तर समज की मिळालं. मोठी माणसं एक बोट वाजवतात, बरोबरीची दोन, आणि लहानांनी मूठ वळून हलकेच टेकवायची. त्याला कुणी चहा दिला तर तीन घोटांत प्यायचा. कडू लागला तरी तोंड वाकडं करायचं नाही. कपाळाला आठी पडली की घरच्यांना वाटतं आपला चहा टाकाऊ. मधेच कुणी नवीन माणूस आलं तर जुनी पत्ती टाकून नवी घ्यायची. नाहीतर त्याला वाटेल, आपल्याला उष्ट्यावर बसवलं.

म्हातारी फटकळ आहे पण कानाची हलकी नाही. जे डोळ्यांना दिसतं त्यावरून ठरवते. थोरली जाऊ मात्र नाक मुरडण्यात पटाईत आहे, तिच्याकडे लक्ष देऊ नकोस.

आ-निंगबद्दल तू लिहिलंस ते वाचलं. ती खांद्यात रुंद आहे. कोट दोन बोटं वाढवून घे.

युनशिया


तियानजिन
९ जानेवारी १९८७

युनशियाताई,

तुम्ही मला "शुवेन" लिहिलंत. मी ते देझोंगला दाखवलं. जेवताना दोनदा वाटी खाली ठेवून तो उगाच हसला.

हाइबो तयार झालाय! वांगकाकांनी काल परीक्षा घेतली. चोच बरोबर, क्रम बरोबर, कडेला बोट नाही, आवाज असा की जिन्यावरच्या लोकांनी दार उघडून पाहिलं. पेला किती भरायचा ते तुम्ही लिहिलं नाहीत, तेव्हा मी समजले की ते सगळीकडे सारखंच. तो इतका सुरेख भरतो ताई, अगदी काठोकाठ, वर चहाचा फुगा उभा राहतो आणि थेंब सांडत नाही. त्यासाठी त्याने आठ दिवस नुसत्या पाण्यावर सराव केलाय. "आजीला कमी पडता कामा नये," म्हणतो. मला तर बघून रडू आलं.

यात काही चुकत असेल तर लगेच लिहा. आम्ही २३ तारखेला संध्याकाळच्या गाडीने ग्वांगझोउला निघतो, तिथून पुढे बसने. काल हाइबोने विचारलं, "पाहुणा झालो तर मी कुठे जायचं?" मी म्हटलं, तू पाहुणा होणारच नाहीस, तुला युनशियामावशींनी शिकवलंय.

शुवेन


शीकेंग
१८ जानेवारी १९८७

शुवेन,

एक गोष्ट लिहायची राहून गेली. कामाच्या गडबडीत विसरले.

पेला काठोकाठ भरायचा नाही. सात हिस्से भरायचा, वरचे तीन रिकामे. आमच्याकडे पाहुण्यासमोर भरलेला पेला ठेवला की त्याचा अर्थ "झालं आता, उठा." कुणी नकोसं माणूस बसून राहिलं की बायका काही बोलत नाहीत, पेला तेवढा काठोकाठ भरतात. माणूस समजतो आणि जातो. एकोणऐंशी वर्षांच्या बाईसमोर, तिच्याच घरात, नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी कुणी असा पेला धरला तर त्याचा अर्थ काय होईल ते मी लिहीत नाही.

हाइबोला लगेच सांग. पत्र मिळताच.

युनशिया


शीकेंग
२ फेब्रुवारी १९८७

शुवेन,

तुझ्याकडून अजून काही आलं नाही. येणार तरी कसं, तू इथेच होतीस. तरी पोस्टमनची सायकल वाजली की मी उठते.

आधीचं पत्र तू निघण्याआधी पोचलं नाही, हे मला काल कळलं. काल देझोंग एकटाच आला, आ-निंगचं गाठोडं न्यायला. ठरलं होतं की सणाच्या चौथ्या दिवशी ती येईल, एक दिवस राहील आणि मग जाईल. मी तिच्यासाठी तांदळाच्या वड्या करून ठेवल्या होत्या. देझोंग उंबऱ्यातच उभा राहिला. मी विचारलं, पोर कुठाय? तो म्हणाला, "ती येत नाही म्हणते. तुम्हाला तोंड दाखवायचं नाही म्हणते." पहिल्या सकाळी काय झालं विचारलं तर म्हणाला, "झालं ते झालं. शुवेन लिहील." चहालाही बसला नाही.

रविवारची पोरंही काल आली नाहीत. सणाचे दिवस म्हणून असेल. पण समोरच्या लिऊची पोर दारात खेळत होती, मी हाक मारली तर तिची आई तिला आत घेऊन गेली.

म्हणजे सगळ्यांना कळलंय. तर मग आता तुझ्यापासून कशाला लपवू? चोराच्या मनात चांदणं असतं म्हणतात. माझ्या मनात महिनाभर लख्ख उजेड आहे.

मी विसरले नव्हते. तू सरळ विचारलं होतंस, पेला किती भरायचा. तुझं ते पत्र मी चुलीपाशी बसून वाचलं आणि खालीच पलंगाचं होतं, लाल कोटाचं होतं. मला वाटलं, हिने पलंग लावला, कोट शिवायला टाकला, आणि मला चहा शिकव म्हणते. मग मी बाकी सगळं लिहिलं. इतकं नीट मी कुणालाच कधी शिकवलं नाही. एवढं एक सोडलं. खोटं लिहिलं नाही, नुसतं लिहिलं नाही. म्हातारी पेला घेणार नाही, तुझ्या पोराला नाव ठेवतील, तू चिडशील, भांडण होईल आणि या सगळ्यात आ-निंग माझ्याकडेच राहील, असा माझा हिशेब. सात वर्षांच्या पोराच्या डोक्यावरून मी हा हिशेब केला.

तुझं नऊ तारखेचं पत्र आलं, पोराने आठ दिवस पाण्यावर सराव केला ते वाचलं. तारघरात धावत गेले. फॉर्मवर लिहिलं, "पेला सात हिस्सेच भरा." खिडकीवर शियाबाई असते, तिचा मुलगा रविवारी माझ्याकडे येतो. तिने शब्द मोजत मोठ्याने वाचलं आणि म्हणाली, "अगंबाई, हे आधी सांगितलं नव्हतंत की काय त्यांना?" मागे चार माणसं उभी होती. मी म्हटलं, राहू दे, आणि फॉर्म फाडला. घरी येऊन पत्र लिहिलं. त्यातही "विसरले" असं लिहिलं.

आणि सगळ्यात वाईट ते आता सांगते. सणाच्या आदल्या दिवशी आ-निंगला न्यायला तिचा चुलतभाऊ आला. बस सुटेपर्यंत मी तिचा हात धरून उभी होते. तिला नुसतं म्हटलं असतं, "हाइबोला सांग, सात हिस्से," तर झालं असतं. पण ती पोर हुशार आहे. तिने विचारलं असतं, "मावशी, तू त्याला सांगितलं नाहीस?" ते मला ऐकायचं नव्हतं. बस गेली.

तुझ्या पोराचं काय झालं? मला शिव्या दे, पण तेवढं लिही. आणि आ-निंग मला काय म्हणाली, तेही लिही.

युनशिया


तियानजिन
१६ फेब्रुवारी १९८७

युनशियाताई,

तुमची दोन्ही पत्रं गिरणीच्या फाटकावरच्या पहारेकऱ्याकडे पडून होती. परवा हातात आली. तीनदा वाचली. पहिल्यांदा वाचून मी तुम्हाला जे काय म्हटलं ते लिहिण्यासारखं नाही. इथे परिचारिकांना शिव्या चांगल्या येतात.

काय झालं ते क्रमाने सांगते, कारण तुम्हाला वाटतंय तसं ते झालेलं नाही.

पहिल्या सकाळी सासूबाई मधल्या खोलीत बसल्या. दीर, जावा, पोरंसोरं मिळून वीसेक माणसं होती. हाइबोने सगळं केलं, तुम्ही लिहिलं होतंत तसंच. चोच, क्रम, गोल गोल ओतणं. सगळे बघत होते. थोरल्या जाऊबाईसुद्धा मान डोलवत होत्या. त्याने तिन्ही पेले काठोकाठ भरले आणि एकदम सगळी खोली गप्प झाली. मला कळेना काय झालं. देझोंगचा चेहरा पांढरा पडला, म्हणजे त्याला आठवलं, पण पायच उचलेना त्याचा. हाइबोने पेला धरून मोठ्याने म्हटलं, "आजी, चहा घ्या." सासूबाईंचे हात मांडीवरून हलले नाहीत. थोरल्या जाऊबाई म्हणाल्या, "सणाच्या दिवशी म्हातारीला घरातून घालवायला निघालंय हे परक्याचं पोर!"

हाइबोला वाटलं ऐकू गेलं नाही. त्याने आणखी मोठ्याने म्हटलं. चहा बोटांवर सांडत होता आणि तो पेला सोडत नव्हता.

तेव्हा आ-निंग मागून आली आणि त्याच्याशेजारी गुडघे टेकून बसली. त्या दोघांची ओळख आदल्या संध्याकाळची, दोन शब्दही धड बोलले नव्हते. तिने दुसरा भरलेला पेला उचलला, तोही सांडत होता, आणि म्हणाली, "आजी, मावशीनंच असं शिकवलंय. मलाही असंच शिकवलंय. आमच्याकडे असाच भरतात."

सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "युनशियानं? काठोकाठ?" पोर म्हणाली, "हो. काठोकाठ." तिची बोटं लाल झाली होती. सासूबाईंनी आधी तिच्या हातातला पेला घेऊन खाली ठेवला, मग हाइबोच्या हातातला घेतला आणि पिऊन टाकला. सगळा, एका घोटात, तीन घोट वगैरे काही नाही. मग म्हणाल्या, "शिकवणारीची अक्कल गेली तर पोरांनी का भोगायचं? कुणीतरी थंड पाणी आणा या दोघांच्या हातांवर घालायला."

हाइबो त्यांचा नातू झाला, ताई. सासूबाईंच्या पलंगाच्या पायथ्याशी दोन्ही पोरं चार दिवस झोपली. तुमचं नाव मात्र त्या घरात आणि तुमच्या गल्लीत खराब झालं. जाऊबाईंचं माहेर तुमच्या गावचं. त्यांनी लगेच सगळीकडे पोचवलं की युनशियाला साधी रीतसुद्धा येत नाही. तुमच्याकडे मुलं आली नाहीत ती त्यामुळे. तुम्ही खरं काय केलंत ते कुणालाच माहीत नाही. देझोंगलाही मी सांगितलेलं नाही.

आ-निंगलाही नाही. ती तुमच्याकडे आली नाही ती लाजेने. तिला वाटतं, हाइबोला वाचवायला तिने तुमच्यावर खोटा आळ घातला. तुम्ही तिला कायम सात हिस्सेच शिकवलंत आणि तिने वीस माणसांसमोर तुम्हाला अडाणी ठरवलं. "मावशीचं नाव मी घालवलं," म्हणून ती रडते. जेवत नाही नीट. पंधरा दिवसांत तीनदा म्हणाली, "तुम्ही मावशीला लिहा ना, मला माफ कर म्हणावं. मला लिहायचं धाडस होत नाही." मी ते लिहायलाच बसले होते, तेवढ्यात पहारेकऱ्याने हाक मारली.

आता मी काय करू? गप्प राहिले तर तुमची लाज राहील. पोर आणखी काही महिने रडेल, मग हळूहळू विसरेल, किंवा विसरणार नाही. खरं सांगितलं तर तिचं रडं थांबेल, पण तुम्ही तिच्या मनात आज जिथे आहात तिथे राहणार नाही. मला तुमचा राग आहे. पण रात्रपाळीला जाताना मी सांभाळणाऱ्या बाईच्या हाती पोर सोपवते तेव्हा माझ्याही मनात काय काय येतं, ते मला माहीत आहे. म्हणून हे मी ठरवणार नाही. तुमच्यासाठी मी तिच्याशी खोटं बोलणार नाही, आणि तुमची चुगलीही करणार नाही. तुम्हीच ठरवा.

लवकर ठरवा, एवढंच. ती वाट बघतेय.

शुवेन


शीकेंग
२५ फेब्रुवारी १९८७

आ-निंग,

हे पत्र तुझ्या नावाने आहे. शुवेनला मी स्वतंत्र काही लिहिलेलं नाही. तुला वाचता येतं. एखादा शब्द अडला तर तिला विचार, तिला सगळं ठाऊक आहे.

तू खोटं बोलली नाहीस.

पुन्हा वाच. तू आजीला म्हणालीस की मावशीने असं शिकवलं. तुला वाटलं ते खोटं आहे. ते खरं होतं. तुला मी सात हिस्से शिकवलं, अंगणातल्या सगळ्या पोरांना सात हिस्से शिकवलं, हाइबोला मात्र नाही. त्याच्या आईने मला पत्रातून विचारलं होतं, पेला किती भरायचा. मला माहीत होतं. मी उत्तर लिहिलं नाही. विसरले नाही, मुद्दाम लिहिलं नाही. त्याची फजिती व्हावी, आजीने त्याला घेऊ नये, आणि मग तुला कुणी माझ्याकडून नेऊ नये, असं मला वाटलं. म्हणजे तू माझ्यावर आळ घातला नाहीस. जो दोष माझाच होता तो तू वीस माणसांत मोठ्याने सांगितलास, एवढंच.

गल्लीतले लोक म्हणतात, युनशियाला रीत येत नाही. म्हणू दे. खरं कळलं असतं तर याहून वाईट म्हणाले असते.

तुझी बोटं भाजली ती माझ्यामुळे. हाइबोची भाजली तीही माझ्यामुळे. बसपाशी तुझा हात धरून उभी होते तेव्हा मी हे तुला सांगू शकत होते आणि सांगितलं नाही. मावशीला तू चांगली समजावंस म्हणून.

माफी तू मागायची नाही. मी मागते, तुझी आणि त्याची. त्याला हे पत्र वाचून दाखव. मग त्याला सात हिस्से कसा भरायचा ते तूच शिकव, तुला येतं.

तू आता माझ्यावर रागावशील. रागाव. मी वड्या करून पाठवून तुला मनवणार नाही. पत्र लिहावंसं वाटलं तर लिही, नाही वाटलं तर नको लिहूस. तरी मी सुट्टीत वाट बघेन, ते माझ्या हातात नाही.

पोरी, मला फार भीती वाटतेय. आता हे परत वाचणार नाही, वाचलं तर फाडून टाकीन. पोस्ट उघडलंय. तशीच जाऊन टाकते.

जेव नीट.

तुझी मावशी